विकलं की मागून नेलं?

१३ नोव्हेंबर २०२५ ला शार्दूल ठाकूर लखनौ सुपर जायंट्स सोडून मुंबई इंडियन्समध्ये आला, दोन कोटी रुपयांत. दोनच दिवसांनी, शनिवारी, अर्जुन तेंडुलकर मुंबई सोडून लखनौला गेला, तीस लाखांत. कागदोपत्री हे दोन वेगवेगळे व्यवहार, दोन्ही रोखीचे. पण आपण सगळ्यांनी त्याची एकच बातमी करून टाकली. मुंबईने पालघरचा पोरगा आणला आणि बांद्र्याचा पोरगा दिला! आमच्या ऑफिसच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दुपारपर्यंत विनोदांचा पाऊस पडला. ‘वरती एक कोटी सत्तर लाखही द्यावे लागले’ हा त्यातला सगळ्यात सभ्य.

मी हसले नाही असं नाही. पण त्या शनिवारी मी वरोऱ्याला घरी होते, आणि स्वतः बेंचवर होते.

ज्यांना आयटीतलं हे प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. एक प्रोजेक्ट सुटला की दुसरा मिळेपर्यंत तुम्ही ‘बेंच’वर. पगार चालू, काम बंद. ऐकायला स्वर्ग वाटतो ना? पहिला आठवडा असतोही. सिरीज बघा, पार्लरला जा, आईला दिवसातून तीनदा फोन करा. दुसऱ्या आठवड्यात कॅन्टीनवाला विचारतो, “मॅडम, आज लवकर?” तिसऱ्या आठवड्यात तुम्ही कॅन्टीनला जायची वेळच बदलता. माझा सातवा आठवडा चालू होता. आमच्या इन्शुरन्सवाल्या अमेरिकन क्लायंटला बाराची टीम सातवर आणायची होती, आणि त्या पाचांत मी होते. कुणाची तक्रार नाही, भांडण नाही. टेस्टिंगची माणसं कमी करायची, इतकंच. त्यानंतर कंपनीतच तीन इंटरव्ह्यू दिले. तिन्हीकडे ‘वी विल गेट बॅक टू यू’. कुणीही बॅक आलं नाही.

गंमत म्हणजे आयपीएलवाले आणि आयटीवाले एकच डिक्शनरी वापरतात. रिटेन, रिलीज, बेंच. मला आलेल्या मेलमध्ये ‘रिलीज’ हाच शब्द होता. आता हा शब्दही कसला बघा. सॉफ्टवेअर रिलीज झालं की आमच्याकडे केक कापतात. माणूस रिलीज झाला की त्याचं कार्ड त्या मजल्याचं दार उघडत नाही.

तर ट्रेड. लिलाव सगळ्यांना माहीत आहे. पॅडल वर, हातोडा खाली, आणि कॅमेरा लगेच टेबलावरच्या मालकांकडे. ट्रेड त्याच्या बाहेरची गोष्ट. दोन संघ आपसात बोलतात, खेळाडू होकार देतो, वरून मंजुरी येते, झालं. माणसाच्या बदल्यात माणूस किंवा माणसाच्या बदल्यात पैसे. हे २००९ पासून चालत आलंय. त्या वर्षी आपला श्रीरामपूरचा झहीर खान बेंगळुरूहून मुंबईला आला आणि त्याच्या बदल्यात रॉबिन उथप्पा तिकडे गेला.

यात एक मेख आहे. बोलणी संघांनी करायची, खेळाडूने नाही. राजस्थानकडे असताना रवींद्र जडेजाने परस्पर दुसऱ्या संघाशी बोलणी केली म्हणून २०१० चा पूर्ण हंगाम त्याला बाहेर बसावं लागलं होतं. म्हणजे तुम्ही कितीही वैतागलेले असा, दारात उभं राहून ‘मला घ्या हो’ असं म्हणता येत नाही. तुम्हाला कुणीतरी मागावं लागतं. (तोच जडेजा त्याच १५ नोव्हेंबरच्या यादीत चेन्नईहून पुन्हा राजस्थानात गेला. सोबत सॅम करन, आणि बदल्यात संजू सॅमसन चेन्नईला. क्रिकेटच्या गोष्टी कोण लिहितं देव जाणे, पण जुने प्लॉट तो पुन्हा पुन्हा वापरतो.)

आता अर्जुन. त्याच्याबद्दल आपल्याला पहिल्यांदा काय माहीत असतं? आडनाव. दुसऱ्यांदा? पुन्हा आडनाव. त्यामुळे त्याचे आकडे कुणी नीट बघतच नाही. मी त्या शनिवारी अंगणात खुर्ची टाकून ते बघत बसले. बेंचवर वेळच वेळ असतो. २०२१ च्या लिलावात मुंबईने त्याला मूळ किमतीला, म्हणजे वीस लाखांना घेतलं. २०२२ मध्ये तीस लाख. पहिला सामना थेट एप्रिल २०२३ मध्ये, वानखेडेवर, कोलकात्याविरुद्ध. दोन दिवसांनी हैदराबादला रोहितने शेवटची ओव्हर त्याच्या हातात दिली आणि त्याने भुवनेश्वर कुमारची विकेट काढून सामना संपवला. त्यानंतर चार दिवसांनी पंजाबने त्याच्या एका ओव्हरमध्ये ३१ धावा कुटल्या. अख्खा सिनेमा एका आठवड्यात! २०२४ मध्ये एकच सामना, पुन्हा वानखेडेवर. निकोलस पूरनने त्याला दोन षटकार मारले आणि अर्जुन ओव्हर पूर्ण न करताच मैदानाबाहेर गेला. त्यानंतर मुंबईच्या जर्सीत तो आयपीएलचा एकही सामना खेळला नाही. २०२५ ला नुसता संघाबरोबर फिरला.

पाच हंगाम, पाच सामने, तीन विकेट्स.

नोव्हेंबर २०२४ मध्ये जेद्दाच्या लिलावात त्याचं नाव आलं तेव्हा आधी एकही पॅडल वर गेलं नव्हतं. नंतरच्या फेरीत मुंबईनेच पुन्हा तीस लाखांना उचललं. मला हे फार ओळखीचं वाटलं. काढून टाकायचं नाही, खेळवायचंही नाही. आमच्याकडे याला ‘बफर’ म्हणतात. एखादा आजारी पडला तर असावा एक हाताशी.

तुम्ही म्हणाल, सचिनच्या मुलाचं कसलं दुःख घेऊन बसलीस? मान्य. त्या घरात ईएमआयची चिंता नाही. पण आपल्या डेस्कवर आपण सातव्या आठवड्यात रिकामे बसलेलो असतो ना, तेव्हा बँकेत किती आहेत याने त्या रिकाम्या बसण्याची चव बदलत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि हा पोरगा गप्प बसलेला नव्हता. मुंबईच्या रणजी संघात जागा मिळेना म्हणून २०२२ मध्ये तो गोव्याला गेला. तिथे पहिल्याच रणजी सामन्यात राजस्थानविरुद्ध १२० धावा काढल्या. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात काय? वडिलांनीही १९८८ मध्ये रणजी पदार्पणात शतक ठोकलं होतं! स्वतः काढलेल्या १२० धावांतही निम्मी हेडलाइन दुसऱ्याची.

आणि ज्या संघाच्या फलंदाजाने त्याला ते शेवटचे दोन षटकार मारले, तो संघ होता लखनौ. त्यांनीच आता त्याला आपल्याकडे नेलं.

तेवढ्यात बाबा मागून आले. बाबा कोळशाच्या खाणीतून रिटायर झालेत. क्रिकेटवर त्यांची मतं खाणीतल्या भोंग्यासारखी, वेळेवर आणि मोठ्या आवाजात.

“काय पाहून राहिली वं?”

“अर्जुन तेंडुलकरला दिलं लखनौला. तीस लाखात.”

“दिलं का त्यायनं मांगतलं?”

“काय फरक पडतो बाबा? पैसे तेवढेच.”

“फरक नाई कसा?” बाबा खुर्ची ओढून बसले. मग मला काकाच्या बैलाची गोष्ट ऐकावी लागली. काकाचा एक बैल जुन्या जोडीदाराबरोबर चालेना. खांदा टाकायचा. काका त्याला बाजारात न्यायला निघाला होता. बाजारात गेला असता तर दलालाने दात बघून, शेपूट पिळून किंमत पाडली असती. पण त्याआधी शेजारच्या गावचा एक जण घरी आला. त्याचा डाव्या बाजूचा बैल मेला होता, उजवा तसाच उभा होता. “त्याले डाव्या अंगाचाच पाह्यजे होता. तो इकत घ्याले नाई आला, मांगाले आला. आन् आता काय चालून राहिला तो बैल!”

अर्जुन डावखुरा बोलर आहे हे मी सांगितल्यावर तर बाबा एकदम खूश. “मंग? तेच त सांगून राहिलो!”

मी हसून सोडून दिलं. पण बाबांचा प्रश्न काही डोक्यातून जाईना. लिलावात माणूस समोर येतो आणि बाकीचे ठरवतात, पाहिजे की नको. ट्रेडमध्ये आधी कुणाला तरी तुमची आठवण यावी लागते. एखाद्या मीटिंगमध्ये, तुम्ही तिथे नसताना, कुणीतरी तुमचं नाव घ्यावं लागतं.

आमच्या भागाला हे ‘पाठवणं’ आणि ‘मागणं’ चांगलंच कळतं. चंद्रपूर-गडचिरोली म्हणजे महाराष्ट्राची शिक्षेची बदली. सिनेमात मंत्री चिडला की इन्स्पेक्टरला काय म्हणतो? गडचिरोलीला फेकून देईन! लहानपणी थिएटरात हा डायलॉग आला की आम्ही सगळे एकमेकांकडे बघायचो. अरे, आम्ही तर इथेच राहतो! आमच्या शाळेत नवीन सर आले की आई पहिल्यांदा विचारायची, “मागून आले का पाठवलेले?” पाठवलेले सर पहिल्या महिन्यातच परत जायच्या खटपटीला लागत. वही तपासताना त्यांचं लक्ष दाराकडे.

म्हणूनच बाबांना करुण नायर आवडतो. २०१६ मध्ये चेन्नईत इंग्लंडविरुद्ध नाबाद ३०३, आणि काही महिन्यांत भारतीय संघाबाहेर. पुढे तर कर्नाटकाच्या संघातली जागाही गेली. रणजीत आयपीएलच्या उलट असतं. तिथे खेळाडूला स्वतः हालचाल करता येते, आपल्या असोसिएशनकडून एनओसी घेऊन दुसऱ्या राज्याकडे जाता येतं. २०२३ मध्ये तो विदर्भाकडे आला. नागपूरला! मे महिन्यात जिथे डांबर वितळतं तिथे. २०२४-२५ च्या विजय हजारे स्पर्धेत त्याने ७७९ धावा केल्या, सरासरी ३८९.५० (टायपिंगची चूक नाही, बाद व्हायलाच तयार नव्हता). त्याच मोसमात रणजीत ८६३ धावा, आणि जामठ्याला केरळविरुद्धच्या फायनलमध्ये ८६ आणि १३५. विदर्भाने तिसऱ्यांदा रणजी जिंकली. जून २०२५ मध्ये तो पुन्हा भारताकडून कसोटी खेळला, आठ वर्षांनी. नंतर तो कर्नाटकात परत गेला, पण बाबांना त्याचं काही नाही. “आपल्याकडे लोकायले शिक्षा म्हणून पाठवते. हा मांगून आला, आन् कप देऊन गेला.”

मात्र जागा बदलली की माणूस बदलतो, हे काही मी मानत नाही. तसं असतं तर प्रत्येक बेंचवाल्याला दुसऱ्या बिल्डिंगमध्ये बसवून प्रश्न सुटला असता. माझ्या जुन्या प्रोजेक्टवर क्लायंटकडचा एक गृहस्थ होता, न्यू जर्सीचा. सोमवारच्या कॉलची पहिली दहा मिनिटं त्याच्या फुटबॉलला. त्यांचं फुटबॉल, म्हणजे जे मुख्यतः हाताने खेळतात ते. त्यात क्वार्टरबॅक नावाचा एक खेळाडू असतो. कॅप्टन, विकेटकीपर आणि शेवटची ओव्हर टाकणारा, तिन्ही एकाच अंगात घातले की जे होईल ते. त्याच्या लाडक्या न्यूयॉर्क जेट्सने २०१८ मध्ये सॅम डार्नॉल्ड नावाचा विशीतला क्वार्टरबॅक निवडला, अख्ख्या देशातून तिसऱ्या नंबरवर. तीन मोसमांत तो ३८ सामन्यांत उतरला आणि जेट्सने त्यातले जिंकले १३. एप्रिल २०२१ मध्ये जेट्सने त्याला कॅरोलिनाला देऊन टाकलं. बदल्यात माणूसही नाही, नव्या मुलांच्या निवडीतल्या तीन पाळ्या. तिकडे तर बहुतेक खेळाडूंना विचारतही नाहीत. फोन येतो, बॅग भरायची.

आता यांच्या हिशोबाने कॅरोलिनात चमत्कार व्हायला हवा होता. नाही झाला. तिथेही तो अडखळला. मग सॅन फ्रान्सिस्कोत एक वर्ष राखीव खेळाडू. मग २०२४ मध्ये मिनेसोटा. तिथे ज्याला भविष्य म्हणून आणलं होतं त्या नव्या मुलाच्या गुडघ्याला दुखापत झाली, डार्नॉल्ड पूर्ण मोसम खेळला आणि संघाने १४ सामने जिंकले. तोच हात, तोच माणूस. “वी ब्रोक हिम,” तो न्यू जर्सीवाला दर सोमवारी म्हणायचा. आम्ही केलं त्याचं वाटोळं. स्वतःच्या संघाबद्दल इतकं खरं बोलणारा फॅन मी आपल्याकडे अजून पाहिलेला नाही.

मला यातलं कळलं ते हे की ट्रेड झाला एवढ्यावर नाचायचं नसतं. मागून नेलं ते ठीक, पण मैदानात उतरवणार आहात का? लखनौने त्याच दिवशी हैदराबादकडून मोहम्मद शमीलाही घेतलं, दहा कोटींत. नवा बॉल एकच असतो आणि हात अनेक. तीस लाखवाल्याचा नंबर कधी?

शार्दूलचं उदाहरण म्हणूनच मला जास्त पटतं. आज आपण त्याला ‘लॉर्ड’ वगैरे म्हणतो, पण २०१७ च्या मार्चपर्यंत त्याच्या खात्यात पंजाबसाठी आयपीएलचा जेमतेम एक सामना होता, तोही २०१५ मधला. पालघरहून लोकलने मुंबईला येऊन क्रिकेट शिकलेला मुलगा, वय पंचवीस, आणि डगआउटमध्ये बाटल्या नेणारा. तेव्हा पुण्याच्या संघाने त्याला पंजाबकडून मागून घेतलं. रायझिंग पुणे सुपरजायंट आठवतोय ना? ते गुलाबी-जांभळं प्रकरण. पण त्या संघाने एक काम केलं, शार्दूलला खेळवलं. बारा सामने, अकरा विकेट्स, आणि थेट फायनल. ती फायनल पुणे एका धावेने हरलं, समोर मुंबई (पुणेकर अजून त्याचं नाव काढू देत नाहीत). पुढच्या वर्षी चेन्नईने त्याला २ कोटी ६० लाखांना घेतलं. जानेवारी २०२१ मध्ये ब्रिस्बेनला निम्मा भारतीय संघ जखमी असताना याने एका कसोटीत सात विकेट्स काढल्या आणि ६७ धावा केल्या.

आयपीएलमध्ये त्याचा ट्रेड तीनदा झाला. पंजाबहून पुणे, दिल्लीहून कोलकाता, लखनौहून मुंबई. त्यात जेद्दाच्या लिलावात एकदा कुणीच घेतलं नाही तेही धरा. लखनौने त्याला २०२५ मध्ये जखमी मोहसीन खानच्या जागी ऐनवेळी बोलावलं होतं. असा माणूस ‘मला विकलं’ म्हणत बसला असता तर कधीच पालघरला परतला असता.

असो. माझी गोष्ट लखनौएवढी मोठी नाही, खराडीएवढीच आहे.

त्या शनिवारनंतरच्या मंगळवारी मला फोन आला. मी आनंदवन चौकात चहा पीत होते. नंबर ऑफिसचा. पलीकडे आमच्याच कंपनीतल्या, पण दुसऱ्या युनिटच्या मॅनेजर. बँकांच्या सेटलमेंटचा त्यांचा प्रोजेक्ट. मला वाटलं, चौथा इंटरव्ह्यू. मी उभी राहिले, उगाच ओढणी नीट केली, जसं काही व्हिडिओ चालू आहे.

“इंटरव्ह्यू नाहीये,” त्या म्हणाल्या. त्या मूळच्या सोलापूरच्या, बोलणं थेट. “रिसोर्सवाल्यांनी मला यादी पाठवली होती. मी म्हटलं, यादी नको, मला ही मुलगी पाहिजे. गेल्या वर्षी गणपतीत तू आमच्याकडे दोन आठवडे होतीस, आठवतंय? तू केलेली ती एक्सेल शीट आम्ही अजून वापरतो.”

खरं सांगू? मला ती शीट आठवतच नव्हती. २०२४ च्या गणपतीत त्यांची निम्मी टीम सुट्टीवर होती म्हणून मला दोन आठवडे उसनं दिलं होतं. कुठला डेटा कुठे जुळत नाही आणि का, हे मी एका शीटमध्ये क्रमाने लिहून ठेवलं होतं. माझ्या वार्षिक रिव्ह्यूत त्याचा एका ओळीचाही उल्लेख नाही. आणि तिकडे कुणीतरी सव्वा वर्ष ती फाइल रोज उघडत होतं.

मग व्यवहाराच्या गोष्टी. बँड तोच. पगार तोच. तीस लाख ते तीस लाख! शिफ्ट दुपारी दोन ते रात्री अकरा. ऑफिस खराडीला, आणि मी राहते वाकडला. पुण्याचा नकाशा ज्यांना माहीत आहे त्यांनी एक मिनिट शांतता पाळावी. रूममेटला फोन केला तर ती म्हणाली, “खराडी? त्यापेक्षा वरोरा जवळ पडेल गं तुला.” आणि मग गंभीर होऊन, “हाइक मिळत नसेल तर कशाला? थांब ना, चांगलं काहीतरी येईल.” तिचं चूक नव्हतं. बेंचवर अजून काही आठवडे हातात होते, आणि ऑटोमेशनच्या एका चकचकीत प्रोजेक्टमध्ये माझा सीव्ही पडून होता. तिथे नाव मोठं, टीम चाळीसची. झालीच निवड तर मी चाळिसावी.

रात्री बाबांना विचारलं. त्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला, हेच मोठं. “तुले कामाले लावते का बसवून ठेवते, हे इचारलं का?”

नव्हतं विचारलं. पगार विचारला, शिफ्ट विचारली, कॅबचं विचारलं. हे विचारायचं असतं हे मला चार वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. सकाळी मी फोन लावला. “मॅडम, मी रेग्युलर टीममध्ये असेन की बॅकअप?” पलीकडे दोन सेकंद शांतता. मला वाटलं, आगाऊपणा झाला.

“डिसेंबरच्या रिलीजचं सगळं डेटा टेस्टिंग तुझं,” त्या म्हणाल्या. “बॅकअप कुणाचा होशील? माझ्याकडे दुसरं कुणी नाहीच आहे.”

मी होकाराचा मेल टाकला. चार ओळींचा. सिस्टिमने उत्तर दिलं, ‘रिसोर्स अ‍ॅलोकेटेड’. आणि दुपारी आई आणि मी काकाच्या शेतावर गेलो, कापसाची वेचणी चालू होती. तिथे मी तो बैल मिळतो का बघत होते, मग आठवलं, तो तर दुसऱ्या गावाला गेला.

नव्या टीमचे पहिले दोन आठवडे काही फार ग्लोरियस नव्हते. मला कुणाची नावं माहीत नाहीत, त्यांच्या जोकवर दोन सेकंद उशिरा हसू येतं, आणि रात्री साडेअकराच्या कॅबमध्ये सगळे झोपतात तेव्हा मी टक्क जागी. पण तिसऱ्या आठवड्यात एक गोष्ट झाली. महिन्याच्या शेवटच्या दिवसाचे काही व्यवहार दोनदा मोजले जात होते, आणि ते मला सापडलं. रात्री दहाला. पाच माणसं माझ्या स्क्रीनभोवती जमली. कुणी टाळ्या वगैरे वाजवल्या नाहीत. एक जण म्हणाला, “आयला, बरं झालं आज कळलं,” आणि आपल्या जागेवर जाऊन दुरुस्तीला लागला. मी घरी जाऊन चार महिन्यांत पहिल्यांदा अलार्म न लावता झोपले.

डिसेंबरचं रिलीज पार पडलं. केक कापला. या वेळी माझ्याही वाट्याला आला, कोपऱ्याचा, क्रीम जास्त असलेला.

जानेवारीत मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं. टीममध्ये एक माणूस वाढवायचा होता. रिसोर्सवाल्यांनी पाठवलेली बेंचची यादी त्यांनी माझ्याकडे सरकवली. तेवीस नावं. नावापुढे वर्षं, स्किल, आणि शेवटच्या रकान्यात बेंचवरचे दिवस. “बघ, तुला कोण ठीक वाटतं.” मी यादी वाचली. अकराव्या नंबरवर जुन्या इन्शुरन्सच्या टीममधली माझी शेजारीण, त्या पाचांतली दुसरी. शेवटच्या रकान्यात ११८. माझ्या शेजारी दोन वर्षं बसून ती काय काम करायची हे मी पाहिलेलं. जिथे आम्ही सगळे कंटाळून ‘पास’ लिहून मोकळे व्हायचो तिथे ही बया पुन्हा एकदा चालवून बघायची.

यादी मी बंद केली आणि बाहेर कॉरिडॉरमध्ये येऊन तिला फोन लावला.

“बिझी आहेस का गं?”

“बेंचवर कोण बिझी असतं?” ती म्हणाली. आवाज झोपेतला, सकाळचे अकरा वाजले होते.

“मग ऐक. शिफ्ट दोन ते अकरा आहे, आणि ऑफिस खराडीला.”